कॉल टाइम ते पॅक-अप: बालकलाकाराच्या पालकांनी काय काय सांभाळायचं

सेटवर मुलाबरोबर दिवसभर कोण थांबणार, हे घरात ठरल्याशिवाय पहिली ऑडिशन पाठवू नका. रोजच्या मालिकेचा कॉल, म्हणजे उद्या किती वाजता कुठे पोचायचं तो निरोप, आदल्या संध्याकाळी येतो, कधी रात्री दहालाही येतो. ‘उद्या नऊचा कॉल, फिल्मसिटी’ असा मेसेज आला की डोंबिवलीच्या घरातून साडेसहाला निघावं लागतं. आई-बाबा दोघंही नोकरीला आणि आजी-आजोबा गावाला, अशा घरात मालिका फार दिवस निभत नाही. त्यांनी जाहिराती, डबिंग किंवा सुट्टीतला सिनेमा बघावा. मूल गुणी आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

तयारी: कॅमेऱ्याच्या आधी वाचन

सहा-सात वर्षांच्या मुलाला अभिनयाच्या महागड्या क्लासची गरज नसते. त्याला लागतं ते खणखणीत मराठी. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं: ‘वेळ’चं ‘वेल’ होतं, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, आणि च-ज यांचे दोन उच्चार एकात मिसळतात. ‘चार’ आंब्यांतला च आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला च वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया म्हणताना जो ज येतो तो ‘जगणं’ म्हणताना येत नाही. हे समजावून सांगू नका, मोठ्याने वाचून घ्या. रोज वीस मिनिटं पुरतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. त्यातल्या संवाद असलेल्या गोष्टी निवडा.

त्याच्या जोडीला बालनाट्य. उन्हाळी शिबिरं गावोगावी होतात, आणि सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असतेच. रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय लागते, ती कॅमेऱ्यासमोर आवरावी लागते. तरी दुसऱ्याचं वाक्य ऐकून मग आपलं बोलायचं, हे नाटकात जितकं पक्कं होतं तितकं आणखी कुठे होत नाही.

प्रोफाइल

फोटोग्राफरकडे वीस-पंचवीस हजार घालवू नका. मूल सहा महिन्यांत बदलतं आणि अल्बम जुना होतो. खिडकीच्या उजेडात मोबाइलने काढलेले पाच फोटो पुरतात: समोरून चेहरा, डावी बाजू, उजवी बाजू, पूर्ण उंची आणि एक मनापासून हसतानाचा, दात दिसतील असा. फिल्टर नको, लिपस्टिक तर नकोच. खाली नाव, जन्मतारीख, उंची, कपड्यांचं आणि चपलांचं माप, कोणत्या भाषा येतात, शहर. पोहणं, सायकल, लेझीम, तबला असं काही खरोखर येत असेल तर लिहा. ‘घोडेस्वारी येते’ असं ठोकून दिलं आणि सेटवर खरंच घोडा आणला, तर फजिती मुलाची होते.

दर तीन महिन्यांनी उंची मोजून मजकूर बदला. सहा ते आठ या वयात पुढचे दात पडतात, तेही कळवत राहा. भूमिका चालू असताना पुढचा दात हलायला लागला तर त्याच दिवशी प्रॉडक्शनला सांगा. अर्धा सीन दात असलेला आणि अर्धा खिंडार पडलेला, हे जोडता येत नाही. वेळेत कळलं तर लेखक पडलेला दात गोष्टीत घालू शकतो, किंवा दंतवैद्याकडून तात्पुरता दात बसवून घेता येतो. केसांचंही तेच. मालिका चालू असताना मुंजीचा मुहूर्त परस्पर काढू नका.

ऑडिशन

खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत. ‘नोंदणी फी’, ‘आर्टिस्ट कार्ड’, ‘पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करा’, ‘रोल पक्का, फक्त ड्रेसचं डिपॉझिट’, यातलं काहीही ऐकू आलं की फोन ठेवा. कास्टिंग करणाऱ्याला पैसे निर्माता देतो. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये प्रत्यक्ष ऑडिशन होतात, पण आता पहिली फेरी बहुतेक वेळा घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते.

तो व्हिडिओ असा करा. मोबाइल आडवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर. मागे साधी भिंत, उजेड समोरून. कमरेपासून वर दिसेल इतकी चौकट. आधी ओळख: नाव, वय, उंची, शहर, मग दोन्ही बाजूंनी चेहरा. त्यानंतर सीन. समोरची वाक्यं वाचणाऱ्याने लेन्सच्या अगदी शेजारी बसायचं आणि मुलापेक्षा हळू, सपाट आवाजात वाचायचं. बाबांनीच मागून दणदणीत अभिनय केला की बघणाऱ्याचं लक्ष बाबांकडे जातं. दोन टेक पाठवा, दहा नकोत. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर चित्र दबतं. फाइलला मुलाचं नाव आणि वय द्या. कास्टिंगवाल्याच्या फोनवर ‘व्हिडिओ १’ नावाच्या फाइली भरपूर पडलेल्या असतात.

सगळ्यात जास्त मुलं एकाच कारणाने गळतात: घरी घोटवून घेतलेला सूर. आईने वाक्य जसं म्हणून दाखवलं, तसंच, त्याच हेलात मूल म्हणतं. पहिला टेक छान वाटतो. मग ऑडिशन घेणारा सांगतो, ‘आता हेच चिडून नको, मांजराशी गुपचूप बोलतोयस असं कर.’ मूल पुन्हा तोच सूर लावतं आणि तिथेच काम जातं. म्हणून वाक्य कधीच म्हणून दाखवू नका. विचारा: ‘याला काय हवंय? कुणाला कळू द्यायचं नाहीये?’ एकदा पलंगाखाली लपून म्हणायला लावा, एकदा धावून आल्यावर, एकदा तोंडात पोळीचा घास असताना. शब्द पाठ झालेले आणि सूर मोकळा राहिलेला, अशा अवस्थेत मूल ऑडिशनला गेलं पाहिजे.

कायदा, जो पालकालाच पाठ हवा

१४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला देशात बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने त्यातून दोन वाटा मोकळ्या ठेवल्या: घरचा व्यवसाय आणि मालिका-सिनेमा-जाहिरातींसारखं दृक्-श्राव्य काम. दुसऱ्या वाटेच्या अटी २०१७ च्या नियमांत आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडू नये म्हणून शिकवण्याची सोय निर्मात्याने करायची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवा, आणि तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही.

या सगळ्याआधी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टर ऑफिसची, परवानगी घ्यायची असते. त्यासाठी हमीपत्र, मुलांची यादी आणि पालकांची संमती द्यावी लागते. हमीपत्र सहा महिने चालतं. परवानगी त्या-त्या जिल्ह्याची असते, हे पुष्कळांना माहीत नसतं: फिल्मसिटीसाठी मुंबई उपनगर, घोडबंदर रोडच्या सेटसाठी ठाणे, आणि युनिट आउटडोअरला वाईला गेलं तर सातारा. करार करताना ‘परवानगीची प्रत द्या’ एवढंच म्हणा. नीट चालणारं प्रॉडक्शन ती लगेच पाठवतं.

१४ ते १८ या वयाला पाच तासांची ही अट लागू नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र अठराखालच्या सगळ्यांसाठी आहेत. दहावीतल्या मुलीच्या करारात तासांची मर्यादा तुम्हीच लिहून घ्या.

सेटवरचा दिवस

एक छोटी वही ठेवा आणि रोज पाच गोष्टींची वेळ लिहा: सेटवर पोचलो, मेकअपला बसवलं, पहिला शॉट, जेवण, पॅक-अप. कॉल शीटचा, म्हणजे प्रॉडक्शनच्या त्या दिवसाच्या वेळापत्रकाचा, फोटो काढून ठेवा. पुढे तासांवरून किंवा पैशांवरून वाद झाला तर ही वही कामाला येते. कॉल नऊचा आणि पहिला शॉट चारला, असं होतं ते बहुतेक वेळा मोठ्या कलाकाराच्या तारखांमुळे. त्यावर चिडून उपयोग नाही. पहिल्याच आठवड्यात असिस्टंट डायरेक्टरला शांतपणे सांगा, ‘याचे सीन पहिल्या हाफमध्ये लावा, दुपारनंतर तो थकतो आणि तुमचेच रीटेक वाढतात.’ रीटेकचा मुद्दा लगेच पटतो. रात्रीच्या सीनसाठी रात्री थांबायचीही गरज नसते. सेटवरच्या घरात खिडक्यांना काळं कापड लावलं की सकाळी अकराला रात्र होते.

आता एक सीन जवळून बघू. आजी विचारते, ‘दूध प्यायलास का?’ मूल पेला लपवतं. आधी मास्टर लागतो, म्हणजे सगळे दिसतील असा लांबचा शॉट. मग आजीचा क्लोज, म्हणजे जवळून चेहऱ्याचा शॉट, त्यात मुलाचा फक्त खांदा. मग मुलाचा क्लोज. तोच सीन पाच-सहा वेळा होतो, आणि दर वेळी पेला त्याच हातात, दूध तेवढंच, आणि ‘नाही’ म्हणताना पेला मागे नेण्याचा क्षणही तोच लागतो. मास्टरमध्ये उजव्या हातात असलेला पेला क्लोजमध्ये डाव्यात गेला की कंटिन्युइटी तुटली आणि सगळं परत. घरी हाच खेळ खेळा: एक छोटं काम करायचं आणि पाच मिनिटांनी हुबेहूब तसंच पुन्हा. दूध खरंच प्यायचं असेल तर दर टेकला एकच घोट, हे आधी सांगून ठेवा. सहा टेकमध्ये सहा पेले रिचवलेलं मूल सातव्याला ओकतं.

क्लोजच्या वेळी आजीचं काम करणारी कलाकार प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असते, किंवा दमून मेकअप रूममध्ये गेलेली असते. मग मुलाला एखाद्या स्टँडला चिकटवलेल्या टेपकडे बघून बोलायला सांगतात. हेही घरी भिंतीवर टिकली लावून करून बघा.

रडण्याच्या सीनबद्दल आधीच ठाम बोला. ‘तुझी आई तुला सोडून गेली’ असं खोटं सांगून मुलाला रडवायचं नाही. असलं अजूनही चालतं, आणि शॉट संपला तरी मुलाच्या डोक्यातून ते जात नाही. श्वास तोडून घेणं, खांदे आखडणं, नाक ओढणं हे मुलांना खेळासारखं शिकवता येतं, आणि अश्रूसाठी ग्लिसरीनचा थेंब गालावर सोडतात, डोळ्यात नाही.

पिशवीत स्वतःचा डबा, पाणी, जास्तीचे कपडे, शाळेची एक वही आणि मेकअप काढायला खोबरेल तेल ठेवा. स्पॉटदादा, ड्रेसदादा, मेकअपदादा यांच्याशी मुलाने नीट बोललं पाहिजे. दिवसभर त्याच्याकडे खरं लक्ष त्यांचंच असतं. मॉनिटरमागे उभं राहून मुलाला खुणा मात्र करू नका. दिग्दर्शक एक सांगतो, आई दुसरं सांगते, आणि मूल लेन्सच्या पलीकडे बघायला लागतं.

शाळेला काम सुरू होण्याआधी पत्र द्या, मागाहून नाही. वर्गशिक्षकांकडून महिन्याचा अभ्यास मागून घ्या आणि परीक्षेच्या तारखा करारातच घाला.

सिनेमा

सिनेमात वर्कशॉप होतं, संहिता आधी मिळते, एका दिवसात सीनही कमी होतात. प्रॉडक्शनला एकच प्रश्न नक्की विचारा: ‘सिंक साउंड आहे का?’ म्हणजे सेटवरचाच आवाज वापरणार की नंतर डब करणार. डब करणार असतील आणि मुलगा बारा वर्षांचा असेल, तर घाई करायला सांगा. मेमध्ये शूटिंग झालं आणि डबिंग जानेवारीत आलं, तर मध्ये आवाज फुटलेला असतो आणि पडद्यावर त्याच्या तोंडी दुसऱ्याच मुलाचा आवाज बसतो. डबिंगचे दिवस आणि त्याचं मानधन करारात वेगळं लिहा. नाहीतर ते ‘त्यातच आलं’ असं धरलं जातं.

आवाजाचं काम

मालिकेपेक्षा हे काम शाळकरी मुलाला जास्त सोसतं. दोन तासांचं सेशन, मेकअप नाही, चेहरा कुणी ओळखत नाही, शनिवारी करता येतं. कार्टूनमधल्या मुलग्यांचे आवाज बऱ्याचदा मोठ्या बायकाच देतात, कारण त्यांचा आवाज फुटत नाही आणि शंभर भाग सारखा राहतो. खऱ्या मुलांचा आवाज हवा असतो तो सिनेमे, वेब सिरीज, जाहिराती, ऑडिओबुक आणि शैक्षणिक व्हिडिओंना.

डबिंगमध्ये मुलाला हेडफोनमधून मूळ आवाज ऐकू येतो, समोर पडद्यावर चित्र चालतं, स्टँडवर संहिता असते. एक वाक्य ऐकायचं, मग तेच मराठीत, ओठांवर बसेल असं म्हणायचं. ओठ मिटतात ती अक्षरं पक्की ओळखायला शिकवा: प, ब, भ, म. पडद्यावर ओठ मिटलेले दिसतात आणि मराठी वाक्यात तिथे ‘आ’ येत असेल तर ते फसतं. ‘मला नको’ ओठांवर बसत नसेल तर ‘नको मला’ बसतं का, हे बघणारं मूल डबिंग दिग्दर्शकाला फार आवडतं. एक कान उघडा ठेवायचा, म्हणजे स्वतःचा आवाजही ऐकू येतो. वाक्यांइतकंच काम धापा, दचकणं, गिळणं, हुंदका यांचं असतं. ते घरी आरशासमोर करून घ्या.

चुका होतात त्या फार साध्या. खुळखुळणाऱ्या बांगड्या, वाजणारं नायलॉनचं जाकीट, रिकाम्या पोटाची गुरगुर, नुकत्याच खाल्लेल्या चॉकलेटची तोंडातली चिकचिक: माइकला सगळं ऐकू जातं. तासभर आधी खाऊन घ्या, साधं पाणी जवळ ठेवा, सफरचंदाची एक फोड खाल्ली की तोंड साफ होतं. एसी कडक असतो, सुती स्वेटर न्या. किंचाळ्या आणि रडणं सेशनच्या शेवटी ठेवायला सांगा. सुरुवातीला घेतलं की पुढचा सगळा आवाज बसका येतो.

घरून नमुना पाठवायचा तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, मागे गोधडी टांगून रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, शेजारचा कुकर उतरू द्या. माइकपासून तोंड एक वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ चा झोत थेट बसत नाही. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये हे निवडा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास थांबू द्या. एकूण ६० ते ९० सेकंद: थोडी गोष्ट, थोडी जाहिरात, एक चिडका किंवा रडवेला संवाद. मागे संगीत घालू नका, आवाज झाकला जातो. तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी नवा नमुना करा.

करारात एक वाक्य आता प्रत्येक वेळी हवं: हा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी किंवा त्याची नक्कल तयार करण्यासाठी वापरला जाणार नाही.

पैसे

समजा दिवसाला ४,००० रुपये ठरले आणि महिन्यात १२ दिवस काम झालं. बिल ४८,०००. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर, ४,८००, मुदत ठेव २० टक्के म्हणजे ९,६००, आणि काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं १५ टक्के ठरलं असेल तर ७,२००. हातात २६,४००, तेही मालिकांच्या रिवाजाप्रमाणे नव्वद दिवसांनी. तोवर गाडीभाडं, डबा, तुमच्या बुडालेल्या रजा हे सगळं खिशातून. प्रवासखर्च वेगळा मिळेल का, हे सही करण्याआधी विचारा.

मुलाचं पॅन कार्ड आणि बँक खातं आधीच काढून ठेवा. अंगच्या कौशल्यातून झालेली मुलाची कमाई आई-बाबांच्या उत्पन्नात मिळवली जात नाही, ती त्याची स्वतःची धरतात. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून टीडीएस परत मिळतो, आणि पुष्कळ पालक तो सोडूनच देतात. त्या पैशांवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात जातं.

करारावर सही पालकाची असते. जाहिरातीत तीन गोष्टी बघा: किती काळ, कुठल्या माध्यमांवर, कुठल्या प्रदेशात. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमे, संपूर्ण जग’ असं लिहिलं असेल तर दिवसाच्या मानधनावर तयार होऊ नका. एका बिस्किटाची जाहिरात केली की दुसरी बिस्किटं किती दिवस बंद, तेही लिहून घ्या.

तेरा ते सतरा

या वर्षांत काम आटतं. आवाज फुटतो, चेहऱ्यावर पुरळ येतं, आणि पंधरा वर्षांच्या भूमिकेला अठरा पूर्ण झालेला, कोवळ्या चेहऱ्याचा कलाकार घेणं निर्मात्याला सोपं पडतं. सचिन पिळगावकर किंवा ऊर्मिला मातोंडकर यांच्यासारखे लहानपणी सुरुवात करून मोठेपणीही टिकलेले आहेत, पण त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. मूल स्वतःच नको म्हणत असेल तर थांबा. हवं असेल तर हा काळ एकांकिका, वाचन आणि हिंदी सुधारण्यात घालवा. पुढे कॉलेजात पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यशाखा आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे. फुटलेल्या आवाजावर या वर्षांत जोर देऊ नका. किंचाळण्याची, ओरडण्याची डबिंगची कामं वर्षभर नाकारा.

आणि अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात बँकेत जा. अल्पवयीनाचं खातं सज्ञानाचं करून घ्या, अल्पवयीन पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते तीही घालून घ्या, आणि आजवरच्या सगळ्या मुदत ठेवींच्या पावत्या करारांशी पडताळून बघा. एखाद्या जुन्या मालिकेचे २० टक्के भरलेच नव्हते, हे बहुधा इथेच सापडतं, आणि तेव्हा ती वही आणि कॉल शीटचे फोटो लागतात.